रूट कॅनालच्या केसपेपरवर काय लिहिलेलं असतं?

‘४६. आयआरपी. एलए, एओ, डब्ल्यूएल, बीएमपी. सीडी.’

दाढेच्या ठणक्याने रात्रभर जागलेला माणूस दवाखान्यातून परत येतो तेव्हा त्याच्या केसपेपरवर साधारण असं काहीतरी खरडलेलं असतं. बिलावर त्याचं नुसतं ‘आरसीटी’ (रूट कॅनाल ट्रीटमेंट) होतं, आणि घरी सांगायला उरतं ते एवढंच: नस काढली, आता कॅप बसवायची. मी दंतवैद्य आहे. नस काढणं आणि कॅप बसवणं यांच्या मधे जे काम होतं, ज्या वस्तू आणि औषधं वापरली जातात, त्यावरच ती दाढ किती वर्षं टिकणार हे ठरतं. ते कळलं तर पेशंट नेमके प्रश्न विचारतात आणि उपचार अर्ध्यावर सोडत नाहीत, असा माझा अनुभव आहे. म्हणून ही ओळ एकेक शब्द सोडवत जाऊ.

४६ हा आकडा ‘शेहेचाळीस’ असा वाचायचा नाही, ‘चार-सहा’ असा वाचायचा. तोंडाचे चार भाग धरतात. पेशंटची उजवी वरची बाजू १, डावी वरची २, डावी खालची ३, उजवी खालची ४. मग मधल्या दातापासून मोजत मागे जायचं. चार-सहा म्हणजे खालच्या उजव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ही दाढ सहाव्या वर्षाच्या आसपास येते, कुठलाही दात न पडता मागून येते, आणि म्हणून अनेक आईवडिलांना ती दुधाचीच वाटते. ‘पडेल की’ म्हणून तिच्या किडीकडे दुर्लक्ष होतं. रूट कॅनालसाठी येणाऱ्या दाढांत तिचा नंबर फार वर लागतो.

आयआरपी म्हणजे इरिव्हर्सिबल पल्पायटिस. दाताच्या आत मधोमध एक मऊ ऊतक असतं, त्याला पल्प म्हणतात. त्यात नसा असतात, रक्तवाहिन्या असतात, जिवंत पेशी असतात. कीड तिथपर्यंत पोचली की पल्पला सूज येते, पण चारी बाजूंनी कठीण भिंती, त्यामुळे सुजायला जागाच नसते. आतला दाब वाढतो. आडवं झाल्यावर डोक्याकडचा रक्तप्रवाह वाढतो, दाब आणखी चढतो, म्हणून दाढ दिवसा कुरकुरते आणि रात्री ठणकते. गार पाण्याने कळ आली आणि दोन-चार सेकंदांत गेली, तर पल्प बहुतेक वेळा सावरू शकतो, साध्या फिलिंगवर भागतं. पाणी गिळून झाल्यावरही कळ रेंगाळत राहिली, किंवा काहीच न करता झोपेतून उठवू लागली, की तो आयआरपी.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. या ठणक्यावर मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून काहीही उपयोग होत नाही. दुखणं दाबाचं आणि सुजेचं आहे, आणि गोळी रक्तातून जाते. सुजून गुदमरलेल्या पल्पमध्ये रक्तच नीट पोचत नाही, मेलेल्या पल्पमध्ये तर मुळीच नाही. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनाही हेच सांगतात. ताप आला, सूज गालावर किंवा गळ्याकडे पसरू लागली, तोंड उघडेना, तर गोष्ट वेगळी, तेव्हा अँटिबायोटिक लागतं आणि डॉक्टरही तातडीने गाठावा लागतो. ठणका आपोआप थांबला म्हणून खूश होणारेही खूप भेटतात. पल्प मेला की दुखणं थांबतं. जंतू मात्र मुळाच्या टोकातून बाहेर हाडाकडे निघालेले असतात.

सगळा खेळ जंतूंचा आहे, हे १९६५ च्या एका प्रयोगाने स्वच्छ दाखवलं. काकेहाशी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी अमेरिकेत उंदरांच्या दाढांना भोकं पाडून पल्प उघडे ठेवले. काही उंदीर पूर्ण निर्जंतुक वातावरणात वाढवलेले होते. नेहमीच्या उंदरांचे पल्प सडले, मुळांशी पू झाला. निर्जंतुक उंदरांच्या दाढांत अन्न अडकत होतं, तरी पल्प जिवंत राहिले आणि भोकावर नवं कठीण आवरण तयार होऊ लागलं. पुढे येणारा प्रत्येक पदार्थ याच कसोटीवर तपासायचा: तो जंतूंना मारतो का, किंवा त्यांची वाट बंद करतो का?

भूल, रबर डॅम आणि ते लहानसं भोक

एलए म्हणजे लोकल अ‍ॅनेस्थेशिया, आपली भूल. बहुतेक दवाखान्यांत दोन टक्के लिग्नोकेन असतं आणि त्यात अगदी थोडं अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असतं. अ‍ॅड्रेनलिन तिथल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, त्यामुळे भूल जास्त वेळ टिकते. हृदयविकार किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर आधी सांगायचं ते याचसाठी. ओठ पूर्ण बधिर झाला तरी दाढ दुखते, असं कधी कधी होतं, आणि पेशंटला वाटतं डॉक्टरांनी इंजेक्शन नीट दिलं नाही. सुजलेल्या ऊतकात आम्लता वाढते आणि अशा ठिकाणी लिग्नोकेन नसेच्या आत कमी शिरतं, हे त्याचं एक कारण. दुखलं तर हात वर करा. दाढेच्या कडेने किंवा थेट पल्पमध्ये आणखी भूल देता येते, सहन करण्यात काही मोठेपणा नाही.

त्यानंतर दाढेभोवती रबराचा एक पातळ चौकोनी पडदा लावायला हवा. त्यातून फक्त ती एक दाढ वर डोकावते. हा रबर डॅम. न्यूयॉर्कच्या सॅनफर्ड बार्नम या दंतवैद्याने तो १८६४ मध्ये काढला. आपल्याकडे आजही तो सगळीकडे लावला जात नाही, आणि याचं मला फार वाईट वाटतं. लाळेच्या प्रत्येक थेंबात जंतू असतात. दाढ लाळेत बुडालेली ठेवून आतून निर्जंतुक करायला निघणं म्हणजे काम सुरू करण्याआधीच बिघडवणं. शिवाय एखादी बारीक फाइल हातातून निसटली तर पडद्यावर पडते, घशात जात नाही. ‘रबर डॅम लावता का?’ हा प्रश्न पेशंटने बिनधास्त विचारावा. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांगावं, त्यासाठी वेगळे पडदे मिळतात.

एओ म्हणजे अ‍ॅक्सेस ओपनिंग: वरून पल्पच्या खोलीपर्यंत पाडलेलं भोक. पल्प तिथून बारीक नळ्यांमधून मुळांत उतरतो; या नळ्या म्हणजेच रूट कॅनाल. त्या खोलीच्या तळाशी त्यांची तोंडं शोधायची असतात. खालच्या पहिल्या दाढेत बहुधा तीन नळ्या सापडतात, कधी चार. वरच्या पहिल्या दाढेत चौथी नळी फार वेळा असते आणि ती इतकी बारीक असते की सहज सुटते. सुटलेल्या नळीत जंतू राहतात, आणि वर्षा-दोन वर्षांनी ‘रूट कॅनाल केलेली दाढ परत दुखते’ म्हणून पेशंट येतो.

फाइल आणि तिचे रंग

नळी साफ करायच्या सुईसारख्या हत्याराला फाइल म्हणतात. तिच्या मुठीचा रंग उगाच नसतो. जांभळी १० नंबरची, पांढरी १५, पिवळी २०, लाल २५, निळी ३०, हिरवी ३५, काळी ४०. नंबर म्हणजे टोकाची जाडी, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. म्हणजे लाल फाइलचं टोक ०.२५ मिलिमीटर. नेहमीच्या हातफाइलची जाडी टोकापासून वर दर मिलिमीटरला ०.०२ ने वाढते आणि धारेचा भाग १६ मिलिमीटर असतो, तेव्हा तीच लाल फाइल वरच्या टोकाला ०.५७ मिलिमीटर भरते. नळीत पहिली जाते ती बहुतेक जांभळी किंवा तिच्याहून बारीक. ती वाट काढते, मग एकेक नंबर चढत जातात.

स्टीलची फाइल जाड होत गेली की ताठ होते, आणि मुळं तर वाकडी असतात. ताठ फाइल वळणावर सरळ जाऊ पाहते आणि भिंत कोरते. यावर उपाय आला तो निकेल-टायटॅनियम या मिश्रधातूतून. तो अमेरिकेच्या नौदलाच्या प्रयोगशाळेत विल्यम ब्यूलर यांच्या हाती लागला, क्षेपणास्त्रांसाठी धातू शोधताना. वाकवला तरी तो मूळ आकारात येतो. पुढे दात सरळ करायच्या तारांसाठी तो वापरात आला, आणि १९८८ मध्ये वालिया, ब्रँटली आणि गर्स्टीन यांनी अशाच एका तारेतून १५ नंबरच्या फाइल घडवून पाहिल्या. स्टीलच्या फाइलपेक्षा त्या दोन-तीन पट लवचिक निघाल्या. आज मोटरवर फिरणाऱ्या ‘रोटरी’ फाइल बहुतेक याच धातूच्या असतात. त्यांचा एक दोष माहीत असावा: वळणात फिरून फिरून धातू थकतो आणि वरून काहीही न दिसता एकदम तुटतो. तुकडा आत राहिला म्हणजे दाढ गेली असं नाही. नळी किती साफ झाल्यावर तो तुटला यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. पण तुटलेला तुकडा पेशंटला सांगायलाच हवा आणि केसपेपरवर लिहायलाच हवा.

डब्ल्यूएल म्हणजे वर्किंग लेंग्थ, फाइल किती खोल न्यायची ते माप. ओठाला एक छोटा हूक अडकवतात, फाइलला चिमटा लावतात आणि यंत्र पीं-पीं करतं, ते याचसाठी. फाइल मुळाच्या टोकाशी, बाहेरच्या ऊतकाजवळ पोचली की विद्युत रोध एका ठरावीक आकड्याजवळ येतो, माणूस कोणताही असो, दात कोणताही असो. या यंत्राला एपेक्स लोकेटर म्हणतात. टोकाच्या किंचित अलीकडे थांबायचं असतं. जोडीला एक्स-रे घेतातच.

धुणं हेच मुख्य काम

बीएमपी, म्हणजे बायोमेकॅनिकल प्रिपरेशन. यात फाइल फिरवणं येतं आणि त्याहून महत्त्वाचं, धुणं येतं. पल्पच्या नळ्या गोल गुळगुळीत नसतात. त्यांना फाटे असतात, दोन नळ्यांना जोडणाऱ्या चिरा असतात, आणि भिंतीचा बराचसा भाग असा असतो जिथे कुठलीही फाइल टेकतच नाही. तिथे फक्त द्रव पोचतो.

तो द्रव म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, कपड्यांच्या ब्लीचमध्ये असतं तेच रसायन. उपचार चालू असताना जो क्लोरीनचा वास येतो तो याचा. पहिल्या महायुद्धात हेन्री डेकिन यांनी जखमा धुण्यासाठी त्याचं अर्ध्या टक्क्याचं द्रावण वापरात आणलं. दातांत ते अर्ध्या टक्क्यापासून सव्वापाच टक्क्यांपर्यंत वापरतात. ते जंतू मारतं, आणि मेलेलं ऊतक विरघळवतं. हा दुसरा गुण त्याच्या तोडीने दुसऱ्या कुठल्याही द्रावणात नाही, म्हणून इतक्या वर्षांत त्याला पर्याय मिळालेला नाही. पण जिवंत ऊतकालाही ते सोडत नाही. सुई नळीत अडकवून जोर दिला आणि द्रव मुळाच्या टोकाबाहेर गेला, तर त्याच क्षणी भयंकर कळ येते, गाल सुजतो, काळा-निळा पडतो. म्हणून सुईचं भोक टोकाला न ठेवता कडेला असतं, ती सैल ठेवतात आणि द्रव सावकाश सोडतात.

फाइल घासल्यावर डेंटिनचा, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण थराचा, भुगा आणि ओलं ऊतक मिळून, कणकेचा हात परातीवरून फिरावा तसा, भिंतीवर पातळ लेप बसतो. याला स्मिअर लेयर म्हणतात. हायपोक्लोराइटने त्यातला मऊ भाग जातो, चुनखडीसारखा कठीण भाग राहतो. त्यासाठी १७ टक्क्यांचं ईडीटीए, जे कॅल्शियम धरून बाहेर काढतं. मिनिटभर पुरतं. काही डॉक्टर शेवटी दोन टक्के क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक वापरतात. ते आणि हायपोक्लोराइट एकत्र आले की तपकिरी गाळ बसतो, म्हणून मधे सलाईनने नळी धुवावी लागते.

एका बैठकीत काम संपलं नाही, किंवा पू येत असेल, तर नळीत औषध भरून वरून भोक बंद करतात. सीडी म्हणजे क्लोज्ड ड्रेसिंग, ते हेच. औषध बहुतेक वेळा कॅल्शियम हायड्रॉक्साइड असतं. रसायन म्हणून पाहिलं तर हा पानाला लावायचा चुनाच. त्याचा पीएच साडेबाराच्या आसपास असतो आणि इतक्या तीव्र अल्कलीत बहुतेक जंतू तगत नाहीत. पण चुनाच आहे म्हणून कुणी घरी किडलेल्या दाढेत तो भरू नये, हिरडी आणि गाल भाजून निघतो.

वरचं तात्पुरतं फिलिंग पांढरं, मऊसर असतं आणि लाळेच्या ओलीने घट्ट होतं. ते दोन-तीन आठवड्यांपुरतं असतं. ठणका थांबला की पेशंट येणं थांबवतात, लग्नसराई येते, गणपती येतात, सहा महिने जातात. तोवर ते फिलिंग झिरपू लागलेलं असतं आणि तासभर खपून धुतलेल्या नळ्या पुन्हा जंतूंनी भरलेल्या असतात.

गट्टापर्चा

नळ्या कोरड्या झाल्या, दुखणं गेलं, की त्या भरायच्या. याला ऑब्ट्युरेशन म्हणतात. भरतात ती गुलाबी-केशरी रंगाची, निमुळती, काडीसारखी वस्तू म्हणजे गट्टापर्चा. दंतवैद्यकातल्या सगळ्या पदार्थांत माझ्या सर्वांत आवडीची.

हा एका झाडाचा चीक आहे. पॅलाक्वियम गट्टा हे झाड मलाया, सुमात्रा, बोर्निओ भागातलं. ते चिकूच्या कुळातलं, आपला मोह आणि बकुळही त्याच कुळातले. घोलवड-डहाणूच्या वाडीत कच्चा चिकू तोडल्यावर देठातून पांढरा चीक येतो तो पाहिला असेल तर या कुळाचा गुण ओळखीचा वाटेल. रबर आणि गट्टापर्चा यांचं रासायनिक सूत्र एकच. फक्त साखळीतल्या कड्या रबरात एका बाजूला वळलेल्या आणि यात आलटून पालटून. तेवढ्या फरकाने रबर ताणतं, आणि गट्टापर्चा थंडीत घट्ट राहतो, गरम केला की मऊ होऊन दाबू तसा बसतो.

१८४३ मध्ये सिंगापूरहून विल्यम माँटगोमेरी या डॉक्टरने त्याचे नमुने लंडनला पाठवले. खारं पाणी त्याला लागत नाही हे लक्षात आल्यावर समुद्राखालच्या टेलिग्राफच्या तारांवर त्याचं वेष्टण चढू लागलं. १८७० मध्ये ‘ग्रेट ईस्टर्न’ जहाजाने मुंबईपासून एडनपर्यंत जी तार टाकली, तिच्यावरही गट्टापर्चाच होता. चीक काढायला झाडच तोडत, त्यामुळे जंगलंच्या जंगलं गेली. दातांच्या नळीत तो १८६७ च्या सुमारास अमेरिकेत जी. ए. बोमन यांनी वापरला, आणि तारांमधून तो केव्हाच गेला तरी दाढांत टिकून आहे.

डब्यातल्या काडीत खरा गट्टापर्चा जेमतेम पाचवा हिस्सा असतो. बाकी बहुतांश झिंक ऑक्साइड, आणि एक्स-रेवर पांढरं दिसावं म्हणून बेरियम सल्फेटसारखे जड क्षार. तो उकळून निर्जंतुक करता येत नाही, आकार जातो. म्हणून वापरण्याआधी मिनिटभर हायपोक्लोराइटमध्ये बुडवतात. पुढे कधी रूट कॅनाल पुन्हा करायची वेळ आली तर तो द्रावकांनी मऊ करून बाहेर काढता येतो, आणि हा फार मोठा गुण आहे. जुन्या काळी चांदीच्या काड्या भरत. त्या गंजत आणि काढताना घाम फोडत.

दुधाच्या दातात मात्र गट्टापर्चा चालत नाही. खालून पक्का दात येताना दुधाच्या दाताची मुळं विरघळतात, गट्टापर्चा विरघळत नाही. तिथे विरघळणारी पेस्ट भरतात.

गट्टापर्चाची एक उणीव आहे, तो भिंतीला चिकटत नाही. फट भरते ती सीलरने. जुना सीलर झिंक ऑक्साइड आणि युजेनॉलचा. युजेनॉल हा लवंगेच्या तेलाचा मुख्य घटक; आजी दाढेत लवंग धरायला सांगते त्यामागे तोच आहे. पण युजेनॉलमुळे वरचं कॉम्पोझिट, म्हणजे दाताच्या रंगाचं, फिलिंग नीट घट्ट होत नाही. त्यामुळे इपॉक्सी रेझिनचे सीलर आले, आणि अलीकडे बायोसिरॅमिक, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट सिमेंटचे. जाहिरातीत बायोसिरॅमिकचा गाजावाजा खूप असतो. सीलर चांगलेच आहेत, पण नीट न धुतलेल्या नळीला कुठलाही सीलर वाचवत नाही.

याच घराण्यातला थोरला म्हणजे एमटीए (मिनरल ट्रायऑक्साइड अ‍ॅग्रिगेट). महमूद तोराबिनेजाद यांनी तो कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा विद्यापीठात तयार केला, १९९३ मध्ये तो जगापुढे आला. त्याचा पाया बांधकामाच्या पोर्टलँड सिमेंटचा, त्यात एक्स-रेसाठी बिस्मथ ऑक्साइड. तो ओलाव्यातच घट्ट होतो, आणि रक्त-लाळेने ओल्या असलेल्या जागी हे वरदान आहे. मुळाला भोक पडलं असेल, लहान मुलाच्या पक्क्या दाताचं मूळ अजून उघडं असेल, तर तिथे एमटीए लावतात. काही दाढांत फक्त वरचा सडलेला पल्प काढून खालच्या जिवंत भागावर एमटीए किंवा तशाच सिमेंटचा थर देऊन अख्खं रूट कॅनाल टाळता येतं. हे पूर्वी मुलांपुरतं होतं, आता मोठ्यांतही करू लागले आहेत. तुमच्या बाबतीत शक्य आहे का, हे विचारायला हरकत नाही.

कॅप कशासाठी

दाढेचा बराच भाग किडीत आणि भोकात गेलेला असतो, उरलेल्या भिंती चावताना फुटतात, म्हणून दाढेला कॅप. पुढच्या दाताचं फारसं नुकसान नसेल तर नुसतं फिलिंगही पुरतं. धातूवर पोर्सेलिन असलेली असो वा झिर्कोनियाची, कॅपपेक्षाही तिच्याखालचं पक्कं फिलिंग आणि कडेची घट्ट बसण महत्त्वाची. रे आणि ट्रोप यांच्या १९९५ च्या अभ्यासात मुळाशी आजार आहे की नाही याचा संबंध आतल्या भरण्यापेक्षा वरच्या फिलिंगच्या दर्जाशी जास्त दिसला होता.

सहा महिन्यांनी आणि वर्षाने एक एक्स-रे काढून घ्या, दुखत नसलं तरी. मुळाखाली काळा डाग असेल तर तिथलं हाड हळूहळू भरतं, कधी कधी चार वर्षंही लागतात. पहिला एक्स-रे जपून ठेवा, तुलना त्याच्याशीच करायची असते. किती नळ्या सापडल्या, प्रत्येकीची लांबी किती, आत काय भरलं, हे केसपेपरवर लिहून मागा. गाव बदललं, डॉक्टर बदलले, तर पुढच्या डॉक्टरला दाढ उघडण्याआधी हेच लागतं.